पगारेंच्या वाट्याची हवा

लोडरच्या केबिनला हिटर असतो असं सांगितलं की लोक अजूनही हसतात. नाशिकचा माणूस तर जरा जास्तच हसतो, कारण इथे स्वेटर कपाटातून निघतो कधी आणि परत जातो कधी ते कळत नाही. मला मात्र हसू येत नाही. माझं डोकं फिरतं. या एका शब्दावर हसून काही शिकल्यासवरल्या माणसांनी एका चांगल्या ऑपरेटरची छाती कामातून घालवली आणि वर त्यालाच बोल लावला. सणासुदीच्या अंकात गोडधोड लिहावं हे मला कळतं. पण माझ्याजवळ जे आहे तेच मी वाढणार.

मी मूळचा कळवणचा. नाशकात एका सरकारी बांधकाम खात्याच्या वर्कशॉपमध्ये मिस्त्री म्हणून नोकरी केली. खात्याचं नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. धरणं, कालवे, घाटातले रस्ते अशी कामं चालायची आणि तिथली डोझर, लोडर, डंपर ही मशिनं चालती ठेवणं हे आमचं काम. वर्कशॉप नाशकात, पण मशीन बिघडायचं डोंगरात. त्यामुळे माझा अर्धा संसार साइटवरच्या पत्र्याच्या शेडमध्येच झाला.

लोडर म्हणजे काय ते आधी सांगतो. पुरुषभर उंचीची चाकं आणि पुढे दोन लोखंडी हात. त्या हातांत मोठं सुपडं, त्याला आम्ही बकेट म्हणायचो. खाणीत सुरुंग लावून दगड फोडायचा, लोडरनं तो उचलून डंपरमध्ये भरायचा, डंपरनं तो खडी करायच्या क्रशरवर न्यायचा. सुरुंगाची धूळ, क्रशरची धूळ, डंपरच्या चाकांची धूळ. या सगळ्याच्या मधोमध ऑपरेटर बसतो, आणि तो पाळीभर तिथून हलू शकत नाही.

सत्तरच्या दशकातल्या आमच्या मशिनांना केबिन नव्हतीच. चार पाइप आणि वर पत्रा. उन्हाळ्यात तो पत्रा तापायचा, इंजिनाची झळ अंगावर यायची, सीटवर ओलं गोणपाट टाकल्याशिवाय बसता यायचं नाही. नाकाला फडकं बांधून माणसं कामाला बसायची. पाळी संपवून खाली उतरली की कोण कुठला ते डोळ्यांवरून ओळखायचं.

आता त्याच मशीनच्या इंजिनाची बडदास्त ऐका. इंजिनसुद्धा हवा आत घेतं. ती हवा गाळायला त्याला फिल्टर असतो, आम्ही त्याला एअर क्लीनर म्हणायचो. तो रोज उघडायचा, रोज साफ करायचा. एक दिवस राहिला तर मिस्त्रीला मेमो. का, तर धूळ आत गेली की इंजिन खराब होतं आणि इंजिन महाग. इंजिनाला धुळीची हवा चालत नाही हे साहेबापासून हेल्परपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. त्याच धुळीत बसलेल्या माणसाचं काय, हा प्रश्न एवढ्या वर्षांत एकाही मीटिंगमध्ये निघाल्याचं मला आठवत नाही.

वामन पगारे हे आमच्याकडचे सगळ्यात चांगले लोडर ऑपरेटर. नाशिकरोडच्या बौद्ध वस्तीत राहायचे. विडी नाही, तंबाखू नाही, बाटली नाही. डंपरचे ड्रायव्हर त्यांच्याच लोडरखाली गाडी लावायला भांडायचे, कारण पगारे दगड ओतायचे नाहीत, ठेवायचे. त्यांच्या हाताखाली डंपरचा हौदा कधी फाटला नाही.

ऐंशी साल उलटल्यावर इगतपुरीच्या वरच्या अंगाला एका धरणाचं काम निघालं आणि त्यासाठी परदेशी बनावटीचा नवा लोडर आला. त्याला बंद केबिन होती. चारी बाजूंनी काच, दारांना रबराची पट्टी. मी त्या केबिनमध्ये दोन दिवस डोकं घालून बसलो होतो. आत एक पंखा होता. तो बाहेरची हवा कागदी फिल्टरमधून ओढायचा आणि गाळलेली हवा केबिनमध्ये कोंबायचा. त्यामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त. कुठे फट असली तरी हवा आतून बाहेर जाणार, बाहेरची धूळ आत येणार नाही. उन्हाळ्यासाठी गार हवेचं यंत्र होतं. त्याचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. आणि इंजिनातलं गरम पाणी दोन नळ्यांनी आणून तयार केलेला हिटर. सगळं मिळून एक साधा विचार होता: आत बसलेल्या माणसाला श्वास घेता यावा आणि त्याला समोरचं दिसावं.

पगारे पहिल्या दिवशी पाळी संपवून खाली उतरले. बाकीचे ऑपरेटर म्हणाले, "काय पगारे, आज हापिसात होता काय? शर्ट तर पांढराच हाय." पगारे मला हळूच म्हणाले, "मिस्त्री, लय वर्सांनी नाकानं भाकरीचा वास आला." एकदा त्यांच्या घरी गेलो तर कमलवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, "जयभीम भाऊ. ते नवीन मशीन काढून घेऊ नका बरं का. यांचे कपडे आता एका पाण्यात निघतात."

काढून कुणी घेतलं नाही. त्याहून वाईट केलं.

आमच्याकडे उपअभियंत्याला रावसाहेब म्हणायची रीत. आमचे रावसाहेब एकदा नवा लोडर पाहायला आले. मी एकेक भाग दाखवत होतो. हिटर म्हटल्यावर ते थांबले आणि सोबतच्या मंडळींकडे वळून म्हणाले, "नाशिक जिल्ह्यात हिटर! बरोबर कानटोपी पण पाठवली आहे का बघा." सगळे हसले. साहेब हसले की बाकीच्यांना हसावंच लागतं.

मी म्हणालो, "साहेब, तो थंडीसाठी नाही. पावसात काचेवर वाफ धरते, ती जायला गरम कोरडी हवा लागते. इथे पाऊस चार महिने हटत नाही."

"वाफ फडक्यानं पुसता येते, मिस्त्री. या नळ्या जीपला बसतात का बघा, तिच्या रेडिएटरची नळी गळते आहे."

नळ्या जीपला बसल्या. हिटरची तोंडं बुच मारून बंद केली. जीपचं काम झालं म्हणून रावसाहेब खूश झाले.

जून लागला. इगतपुरीचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. ढगच खाली उतरून रस्त्यावर बसतात. मातीकाम बंद झालं, पण रस्त्यावर दरडी यायच्या आणि त्या उचलायला लोडर लागायचा. बंद केबिन, आत माणसाचा श्वास, बाहेर गार पाऊस. काच आतून दुधासारखी पांढरी व्हायची. पगारे एका हातानं पुसायचे आणि एका हातानं मशीन चालवायचे. साबण चोळून पाहिला, तंबाखू चोळून पाहिली, कांदा चोळून पाहिला. पुसलेली काच मिनिटभर साफ राहायची.

एक दिवस दरडीपाशी मुकादम वाकून दगडाखालची पहार ओढत होता. बकेट त्याच्याकडे निघाली होती. पगारेंना तो दिसलाच नाही. कुणीतरी ओरडलं, पगारेंनी लिव्हर ओढली, आणि बकेट मुकादमाच्या डोक्यावरच्या घोंगडीला लागून थांबली. पगारे खाली उतरले. मुकादमाला म्हणाले, "माफ कर भाऊ, मला तू दिसला नाय." मग पाना घेतला, समोरची काच काढली, दोन्ही दारं काढली आणि भर पावसात भिजत उरलेली दरड उचलली. माणूस मरण्यापेक्षा आपण भिजलेलं बरं, एवढाच त्यांचा हिशेब. त्यात कुणी चूक काढेल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. चूक काढणारे भेटले, पण त्यांच्याविषयी पुढे.

काढलेली काच आणि दारं भांडारात ठेवली होती. पावसाळा संपल्यावर मी ती बसवायला गेलो. समोरची काच रावसाहेबांच्या साइट ऑफिसच्या खिडकीत बसली होती, म्हणजे त्यांना आत बसून काम दिसावं. एक दार भांडाराच्या मोरीला लावलेलं. दुसरं कुठे गेलं ते भांडारपालाला माहीत नव्हतं, किंवा तो सांगत नव्हता. मी काच मागितली तर रावसाहेब म्हणाले, "इतके दिवस काचेवाचून काम झालं ना? मग आता काय अडलं?"

आता उन्हाळ्यात धूळ सरळ पगारेंच्या तोंडावर. केबिनचा पंखा चालू होता, पण दार नसलेल्या केबिनमध्ये दाब कसला धरणार? मी नाशकातल्या द्वारका चौकात ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्यांकडे गेलो. जाड कापडाचे पडदे शिवून घेतले, कडेला जुन्या ट्यूबच्या रबराच्या पट्ट्या लावल्या, समोर जुन्या बसची काच कापून बसवली. दिसायला तमाशाच्या राहुटीसारखं झालं, पण काही आठवडे बरं चाललं. मग फिल्टर तुंबला.

इथे आमच्या धंद्याची एक खोड सांगायला हवी. जुन्या मशिनांचे एअर क्लीनर लोखंडी जाळीचे आणि तेलाचे असायचे. ते डिझेलमध्ये बुचकळून धुवायचे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. आमच्या सर्व्हिसच्या पोरांनी केबिनचा कागदी फिल्टरसुद्धा तसाच डिझेलमध्ये धुतला, निथळत ठेवला आणि परत बसवला. पगारेंनी पडदे लावून पंखा चालू केला, आणि डिझेलची वाफ थेट त्यांच्या नाकात. अर्ध्या तासात ते बाहेर येऊन ओकले. सटाण्याकडचा एक हेल्पर आपण तो कसा धुऊन टाकला ते त्याच्या अहिराणीत कौतुकानं सांगत होता, "मी चांगला धुई टाका ना भाऊ." त्याला रागावून काय उपयोग? कागद डिझेलनं धुवायचा नसतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. इंजिनाच्या फिल्टरबद्दल भिंतीवर पाटी होती. केबिनच्या फिल्टरबद्दल कुठेच काही नव्हतं.

मी नवा फिल्टर मागितला. उत्तर आलं, केबिनचा फिल्टर अत्यावश्यक सुट्या भागांत येत नाही. भांडारपाल मला समजूत घालत म्हणाला, "मिस्त्री, इंजिनाचा मागा, दोन देतो. हा चैनीत धरलाय वरून." चैन! गाळलेल्या हवेत श्वास घेणं ही चैन, असं ठरवणारा माणूस कुठल्या खुर्चीत बसत असेल ते मला पाहायचं होतं. पाहिलं मी पुढे त्याला. पंख्याखालच्या खुर्चीतच बसला होता.

त्या दिवसापासून पगारेंनी पंखा बंद केला. म्हणाले, "त्यापेक्षा धूळ बरी, मिस्त्री. धुळीची सवय हाय." पडदेही वर बांधून टाकले, कारण पंख्यावाचून आत भट्टी व्हायची. गार हवेचा कॉम्प्रेसर तेवढा उरला होता. मोठ्या साहेबांच्या गाडीला तो लावता येईल असं कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं. "तुमचे ऑपरेटर तरी कुठे दारं लावून बसतात," असं मला सांगण्यात आलं, आणि तो गेला. मी भांडलो, वरच्यांना भेटलो, संघटनेच्या लोकांना घेऊन गेलो. संघटनेचे पुढारी म्हणाले, "एसी मागितला तर लोक आपल्याला हसतील." इथेही हसण्याचीच भीती.

काही वर्षं गेली. पगारे खोकू लागले. आधी सकाळी, मग दिवसभर. एकदा कमलवहिनी वर्कशॉपच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. पिशवीतून उशीचा अभ्रा काढून मला दाखवला. त्यावर राखाडी डाग होते.

"भाऊ, धुतला तरी हे जात नाही. रोज रात्री यांच्या तोंडातून हे येतं. डॉक्टर टीबी म्हणतात, गोळ्या चालू आहेत, पण गुण नाही. हा टीबी आहे का हो?"

मी मिस्त्री माणूस. काय सांगणार? पण तो रंग मी ओळखला. खाणीतल्या दगडाच्या पुडीचा होता तो.

पुढे दुसऱ्या दवाखान्यात एका बाई डॉक्टरांनी थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला आणि पहिल्यांदाच कुणीतरी पगारेंना विचारलं, "तुम्ही काम काय करता?" ऐकून त्या म्हणाल्या, "हा टीबी नाही. ही धूळ आहे, कामावरची. आता एक दिवससुद्धा त्या खाणीत जायचं नाही." तसं लिहूनही दिलं.

आता सगळं एका गोष्टीवर अडलं होतं. हा आजार कामामुळे झाला असं खात्यानं मान्य केलं तर पगारेंना भरपगारी रजा, औषधपाणी आणि त्यांच्याच हुद्द्यावर हलकं काम मिळणार होतं. नाही म्हटलं तर कामाला नालायक ठरवून घरी, किंवा खालच्या जागेवर. पगारेंना त्यातली एकच गोष्ट हवी होती. मला म्हणाले, "मिस्त्री, त्यांनी एकदा म्हणावं की हे मशीनवर झालं. वस्तीत लोकांना वाटतं, मी चोरून विडी पितो."

तिघांची समिती बसली. त्यात आमचे जुने रावसाहेब होते, आता बढती मिळालेले. मी साक्षीला. टेबलावर लोडरचं रंगीत माहितीपत्रक ठेवलं होतं. अध्यक्षांनी त्यावर बोट ठेवलं. "केबिन पूर्ण बंद आहे. हवा गाळायची सोय आहे. वातानुकूलन आहे. खात्यातल्या सगळ्यात चांगल्या मशीनवर हे होते. मग धूळ आली कुठून?"

मी म्हणालो, "साहेब, त्या केबिनला दारं नाहीत."

"दारं कोणी काढली?"

मी काही बोलायच्या आत पगारे म्हणाले, "मी काढली, साहेब."

"म्हणजे संरक्षणाची साधनं कर्मचाऱ्यानं स्वतः काढून टाकली."

"समोर माणूस होता, साहेब. काचेतून दिसत नव्हता. मारला असता मी त्याला."

"काच पुसायची."

मग मात्र माझा ताबा सुटला. हिटरच्या नळ्या कुठे गेल्या, काच कुठल्या खिडकीत गेली, कॉम्प्रेसर कुणाच्या गाडीत गेला, सगळं सांगितलं. ज्यांना हे ठाऊक होतं ते समोरच बसले होते. म्हटलं, विचारा यांना. रावसाहेब पेन्सिलीचं टोक बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "हिटरचा आणि छातीच्या आजाराचा काय संबंध?" अध्यक्षांनाही तो संबंध दिसेना. मी परत पहिल्यापासून सांगायला लागलो: हिटर नाही म्हणून वाफ, वाफ आली म्हणून काच आणि दारं काढली, ती परत मिळाली नाहीत म्हणून धूळ. अध्यक्ष म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही बाहेर थांबा."

मी बाहेर थांबलो. आतून पगारेंचा खोकला ऐकू येत होता. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो आजही उतरलेला नाही.

निकाल लागला: आजाराचा कामाशी संबंध सिद्ध होत नाही. तरी माणुसकीच्या दृष्टीनं पगारेंना शिपायाच्या जागेवर घेण्यात येत आहे. माणुसकी हा शब्द त्यांनी वापरला, हे मी विसरलेलो नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी मुख्य ऑफिसात माझं काम निघालं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि ऑफिसात नवीनच कॉम्प्युटर आला होता. त्याच्यासाठी वेगळी खोली बांधली होती. दुहेरी दार, दाराला रबराची पट्टी, खिडक्या कायमच्या बंद, दोन एसी. धुळीनं मशीन बिघडतं म्हणून एसीचे फिल्टर साफ करायला मुंबईहून माणूस यायचा. या खर्चावर कुणी हसल्याचं मी ऐकलं नाही.

त्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात स्टुलावर पगारे बसले होते. शिपायाचा खाकी ड्रेस, गळ्यात ओला रुमाल. दोन्ही एसींच्या पाठी व्हरांड्यात निघालेल्या होत्या आणि आतली गरमी भसाभसा त्यांच्या अंगावर येत होती. बोलताना त्यांना मधेमधे थांबावं लागत होतं.

मी म्हणालो, "पगारे, इथे कशाला भाजून घेताय? आत कोपऱ्यात स्टूल टाका की."

"आत बसायची परवानगी नाय, मिस्त्री. मी विचारलं होतं." त्यांनी दम घेतला. "मला खोकला येतो ना. मशीनवर कण उडतील म्हणतात."

आत काचेपलीकडे त्या समितीचा तोच अध्यक्ष कुणाला तरी कॉम्प्युटर दाखवत होता. मी सरळ दाराकडे निघालो. आज जे व्हायचं ते होऊ दे, नोकरी गेली तरी चालेल, एवढंच डोक्यात होतं. दाराच्या मुठीवर हात ठेवला, तेवढ्यात पगारे स्टुलावरून उठले. धापा टाकत आले आणि माझा दंड धरला. मला वाटलं, भांडू नका म्हणतील.

त्यांनी माझ्या पायांकडे बोट दाखवलं.

"मिस्त्री, चपला काढा आधी. आत धूळ चालत नाय."